लाल डगले, जरीपटका आणि मातीचे मावळे

दसरा आटोपला की पुण्यात मातीच्या चित्रांचे ढीग लागतात. कसब्यातला कुंभारवाडा हे त्यांचे जुने घर. पण खडकी बाजारात, बोपोडीत, औंधातही पदपथावर गोणपाट अंथरून तीच चित्रे मांडलेली दिसतात. सिंहासनावरचे महाराज, तुतारीवाला, तोफ, गवळण, गुहेत बसवायचा वाघ आणि मावळे. दिवाळीतल्या किल्ल्याचे प्रमाणशास्त्र हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे: वाघ तोफेएवढा, तोफ महादरवाजाएवढी आणि महाराज बालेकिल्ल्याहून उंच. त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्याचे महत्त्व अधिक त्याचा आकार मोठा, हा नियम अजिंठ्याच्या चित्रकारांनीही पाळला होता.

आमचे कुतूहल मावळ्याविषयी आहे. तो सगळीकडे एकच असतो. पिवळी किंवा हिरवी बाराबंदी, तांबडे पागोटे, एका हातात भाला, दुसऱ्या हातात चंदेरी ढाल आणि ढालीवर पिवळा सूर्य. चेहऱ्याला गुलाबीसर रंग, त्यावर काळ्या मिशांचा एक फटकारा. साचा एक, रंगवणारा हात घाईचा, आणि गिऱ्हाईक आठ-दहा वर्षांचे; यापेक्षा निराळे काही होण्याचे कारणही नाही. हा मावळा आपल्या मनात कुठून आला, याचा शोध घेतला तर धुरंधरांची चित्रे, दलालांची मुखपृष्ठे आणि भालजी पेंढारकरांचे चित्रपट या तीन दारांशी आपण बहुधा पोहोचतो. सतराव्या शतकापर्यंत पोहोचत नाही.

गेल्या दिवाळीआधी आम्ही दोघांनी, म्हणजे मराठी विभागातल्या दोन अध्यापकांनी, विद्यार्थ्यांसह महाविद्यालयाच्या मागच्या अंगणात रायगड-प्रतापगडाऐवजी खडकीची लढाई मांडायचे ठरवले. निमित्त झाले ते मात्र आफ्रिकेतल्या झुलू योद्ध्यांचे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या मामेभावाने इंग्लंडहून त्याला एक खोके पाठवले होते. त्यात जेमतेम २८ मिलिमीटर उंचीचे, न रंगवलेले प्लास्टिकचे झुलू सैनिक होते. १८७९ च्या इंग्रज-झुलू युद्धातले. ही छोटी चित्रे रंगवून लढाया मांडण्याचा छंद तिकडे वयस्क माणसेही अतिशय गांभीर्याने जोपासतात. वर्गात ते खोके आले, आणि त्या आठवड्यात ‘बखर वाङ्मयातील वर्णनशैली’ हा घटक बाजूलाच राहिला.

झुलू सैनिक रंगवताना खरी कसोटी लागते ती ढालीपाशी. ती गाईच्या कातड्याची, लांबट अंडाकृती, केस बाहेरच्या अंगाला तसेच ठेवलेली असे. मधोमध उभा दांडा. आणि तो धरून ठेवण्यासाठी कातड्याला दोन रांगांत आडव्या चिरा पाडून त्यांतून निराळ्या रंगाच्या पट्ट्या ओवलेल्या. दुरून नक्षी दिसणारी ही गोष्ट मुळात शिवण आहे. जुनी मोठी ढाल, ‘इसिहलांगू’, माणसाला जवळजवळ झाकणारी. तिच्यापेक्षा लहान आणि हलकी ‘उम्बुम्बुलुझो’ ही सेत्श्वायोने १८५६ च्या यादवीच्या सुमारास रूढ केली. ढाल सैनिकाच्या मालकीची नसे. राजाच्या खिल्लारांतल्या जनावरांचे कातडे, म्हणून ती राजाची. तिचा रंग पलटणीप्रमाणे ठरे: साधारणतः तरुणांच्या पलटणीला गडद, आणि ज्येष्ठता वाढत जाई तसा पांढरा भाग अधिक. पण १८७९ पर्यंत हा नियम बराच शिथिल झाला होता. शिवाय मोरपिसाऱ्यासारखी पिसे, गाईच्या शेपट्यांच्या झालरी, कातड्याचे पट्टे हा जो सारा थाट आपण चित्रांत आणि १९६४ च्या ‘झुलू’ या चित्रपटात पाहतो, तो मुख्यतः उत्सवाचा आणि राजापुढच्या संचलनाचा. लढाईला निघताना त्यातले बहुतेक घरी ठेवले जाई. म्हणजे ज्याला अचूक रंगवायचे आहे त्याला ब्रश हातात घेण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हा माणूस नाचायला निघाला आहे की मरायला?

हा प्रश्न मावळ्याला आजवर कोणी विचारला होता का? वर्गातूनच तो आला. ‘सर, आपल्या ढालीवर सूर्य खरंच असायचा का?’

उत्तर शोधणे अवघड नव्हते. शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात जाऊन ढालींसमोर उभे राहिले की पुरते. मराठ्यांकडे वापरात असलेली ढाल गोल आणि बाहेरच्या बाजूला फुगीर. साधारण दीड ते दोन फूट व्यासाची. गेंड्याचे कातडे सर्वांत मोलाचे, एरवी रेड्या-म्हशीचे. त्यावर लाखेचे किंवा रोगणाचे थर चढवून ती काळी अथवा गडद तपकिरी, चकचकीत करीत. समोरून चार पितळी फुल्या दिसतात. मुलांना त्या शोभेच्या वाटल्या. ढालीची मागची बाजू पाहिल्यावर उलगडा झाला: हात घालायच्या मुठी ज्या कड्यांना बांधलेल्या, त्या कड्यांचे खिळे समोरून आरपार आलेले असतात आणि फुल्यांनी ते झाकले जातात. मुठींच्या खाली बोटांची हाडे वाचावीत म्हणून छोटी गादी. झुलू ढालीवरच्या पट्ट्यांसारखेच हे. अलंकार म्हणून जे रंगवायचे ते खरे म्हणजे जोडकाम. चंदेरी रंगाची बाटली त्या दिवशी कपाटात गेली.

पोशाखाचे काम इतके सोपे नव्हते, आणि त्याचे कारण मराठीच्या अध्यापकांना विचार करायला लावणारे आहे. आपल्या जुन्या गद्यात कपडे विपुल आहेत, पण ते दिसत नाहीत. बखरीत ‘वस्त्रे’ येतात ती देण्याघेण्यासाठी. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून यायची. ती कोणत्या रंगाची होती हे सांगण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटत नाही, कारण त्या वाक्यात वस्त्र म्हणजे अधिकार. जमाखर्चाच्या कागदांत शेले, मंदील, पागोटी येतात ती किमतीसाठी. वस्त्र मान म्हणून येते, रक्कम म्हणून येते. अंगावर मात्र येत नाही. ज्याच्या अंगावर मान मिळावा अशी किंवा हिशेबात धरावी अशी वस्त्रे नसत, तो साधा शिपाई मग या गद्यातून सबंधच गळतो.

त्यामुळे वळावे लागते ते परक्यांकडे. सवाई माधवरावांच्या काळात पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार येथे होता. त्याचा मदतनीस रॉबर्ट मॅबन मूळचा सैनिक, आणि त्याची रेखाटने १७९७ साली कलकत्त्यास छापली गेली. शनिवारवाड्यात निघालेल्या चित्रशाळेतला गंगाराम तांबट हा या साऱ्यांत आपला माणूस. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटनने लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये रंगीत चित्रांसह प्रसिद्ध झाली, आणि ती चित्रे एका देशी चित्रकाराच्या कामावरून घेतलेली आहेत. आणि मग अर्थातच ग्रँट डफ. त्याने शिवकालीन स्वाराचे वर्णन दिले आहे: गुडघ्याखाली पोहोचणारी विजार, कापूस भरून शिवलेला डगला, पागोट्याचा एक पदर हनुवटीखालून घेतलेला, कमरेला शेला आणि तलवार पट्ट्याऐवजी त्या शेल्यातच खोवलेली, सोबत ढाल, काहींकडे तोड्याची बंदूक, पण राष्ट्रीय हत्यार म्हणावे तो भालाच. इतके नेमके वर्णन दीडशे वर्षांपूर्वीच्या स्वाराचे असू शकते का? आम्हांला संशय आहे की डफने शिवाजी महाराजांच्या स्वाराला आपल्या डोळ्यांदेखतच्या स्वाराचे कपडे चढवले. शिवकालासाठी तो दोष ठरेल. आमच्या कामाच्या दृष्टीने त्यासारखे भाग्य नाही. कारण डफ खडकीच्या लढाईत हजर होता, आणि त्याने पाहिलेले स्वार हेच आम्हांला रंगवायचे होते.

आता लढाईकडे.

५ नोव्हेंबर १८१७, शके १७३९, आश्विन वद्य एकादशी. दिवाळी तोंडावर आलेली. दुसऱ्या बाजीरावाचे आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनचे संबंध तुटले होते. एल्फिन्स्टनने संगमावरचा बंगला सोडला, नदी ओलांडून तो खडकीच्या इंग्रज छावणीकडे निघाला. मागे बंगला पेटला आणि त्यात त्याचे ग्रंथ आणि कागद जळाले. (ग्रंथप्रेमी माणसाच्या बाबतीत हा तपशील आम्हांला नेहमी चटका लावतो, मग तो माणूस कोणत्याही बाजूचा असो.) बाजीराव पर्वतीवर. फौजेची सूत्रे बापू गोखल्यांकडे. फौज शहराबाहेर पडत असताना जरीपटक्याची काठी मोडली, आणि तो अपशकुन मानला गेला. समोर कर्नल बर याची फौज. डफच्या आकड्यांप्रमाणे पेशव्यांकडे १८,००० घोडेस्वार, ८,००० पायदळ आणि १४ तोफा. इंग्रजांकडे दापोडीहून येऊन मिळालेली फोर्डची पलटण धरून २,८०० माणसे, त्यांत गोरे सुमारे ८००. गणेशखिंडीच्या टेकड्यांपासून मुळेपर्यंतच्या मैदानात पसरत येणारी ती घोडदळाची लाट पाहून डफला खंबायतच्या आखातातली गर्जत येणारी भरती आठवली. पराभूत फौजेला जेत्याच्या लेखणीतून मिळालेली इतकी भव्य उपमा आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

आम्ही शंभर माणसांना एक चित्र असे प्रमाण धरले. सगळे घोडदळ मांडायचे तर १८० घोडे लागले असते. तेवढी माती आणि तेवढा धीर आमच्यापाशी नव्हता. म्हणून जरीपटक्याबरोबर दौड करणारे निवडक ६,००० स्वार, म्हणजे साठ घोडे, एवढेच घ्यायचे ठरले. त्यांच्या ढाली काळ्या, फुल्या सोनेरी, डगले मळकट पांढरे; पागोट्यांचे रंग मात्र मुलांच्या मर्जीवर सोडले, कारण शिलेदार आपला घोडा आणि आपला पोशाख घेऊन येई, त्याला गणवेश नव्हता. जरीपटक्याची काठी अखंड दाखवायची की सांधलेली, यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी दोऱ्याने बांधून सांधलेली दाखवली.

इंग्रजांसाठी साचा मिळेना. ओळखीच्या कुंभारदादांना आम्ही विचारले, तर ते हसले. ‘मॅडम, इंग्रज घेणार कोण? मावळा खपतो.’ त्यांच्याकडे बंदूकवाल्या जवानाचा एक साचा होता, हल्लीच्या किल्ल्यांवर तोही असतो. त्याच्या कच्च्या चित्रांना शिरस्त्राण खरवडून, छातीवर तिरके चर्मपट्टे चढवून आम्ही कंपनीचे शिपाई बनवले. अठ्ठावीस. मुलांनी सगळ्यांना लाल डगले दिले आणि सगळ्यांचे चेहरे गुलाबी केले.

इथे आम्ही त्यांना थांबवले. अठ्ठाविसांपैकी गोरे आठ. उरलेले वीस इकडचे: बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पलटणी आणि फोर्डची पलटण. मुंबई फौजेत कोकणातले आणि देशावरचे मराठे होते, महार होते, मुसलमान होते, उत्तर हिंदुस्थानी होते, बेने इस्रायल होते. या लढाईत उभ्या असलेल्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनने दोन महिन्यांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगावची लढाई दिली. तिथल्या स्तंभावरची ‘नाक’ प्रत्यय लागलेली नावे आता महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहेत. वीस चेहरे पुन्हा रंगवावे लागले. मावळ्यांसाठी कालवलेला गव्हाळ-तपकिरी रंग उरला होता, तोच लावला. दुसरा कोणता लावणार?

फोर्डच्या पलटणीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. ती मुळात पेशव्यांच्या चाकरीसाठी उभारलेली, पगार पेशव्यांच्या खजिन्यातून, अंमलदार इंग्रज. लढाईच्या दिवशी ती दापोडीहून निघून इंग्रजांच्या उजव्या बगलेला येऊन मिळाली. म्हणजे पेशव्यांचा पगार खाणारी माणसे पेशव्यांवर गोळ्या झाडत होती. उलट बाजूने, कंपनीच्या शिपायांना आपल्याकडे ओढण्याचे प्रयत्न बाजीरावाच्या माणसांनी आधीचे कित्येक आठवडे चालवले होते. मराठी ऐतिहासिक कादंबरीत ‘फितूर’ हा शब्द आला की वाचकाचे मत तयार होते. फितुरी हा तिथे स्वभावाचा डाग असतो. १८१७ च्या पुण्यात मात्र फितवणे हा दोन्ही दरबारांचा रोजचा राजकीय व्यवहार होता, आणि शिपायाच्या दृष्टीने प्रश्न चाकरीचा आणि मिठाचा होता. मीठ नेमके कोणाचे, हे फोर्डच्या शिपायाने कसे ठरवावे? वर्गात यावर एकमत झाले नाही. आम्हां दोघांतही नाही.

पण आमची खरी फजिती पुढेच होती. डफ पुन्हा वाचताना एक ओळ, जी आम्ही पूर्वी अनेकदा वाचली असेल, पहिल्यांदा दिसली. पेशव्यांच्या पायदळात अरब होते, गोसावी होते, आणि पिंटो नावाच्या पोर्तुगीज अंमलदाराच्या हाताखालची सुमारे तीन हजारांची कवायती पलटणही होती. ती जवळच्या वाटेने येऊन बागा-कुंपणांच्या आडोशाला दबून राहिली होती. मग ती अचानक इंग्रजांच्या डाव्या बाजूच्या सातव्या रेजिमेंटसमोर रांग धरून उभी राहिली. त्यांचे लाल डगले आणि निशाणे दिसताच इंग्रजांकडचे शिपाई एकदम पुढे धावले, इतके की आपल्या रांगेपासून तुटले.

त्यांचे लाल डगले. पेशव्यांच्या पलटणीचे.

हिशेब करून पाहिला. पिंटोचे तीन हजार म्हणजे आमच्या प्रमाणात तीस चित्रे. इंग्रजांची सारी फौज अठ्ठावीस. खडकीच्या रणात पेशव्यांच्या एका पलटणीचेच लाल डगले इंग्रजांच्या संपूर्ण फौजेपेक्षा दोनने जास्त भरले. लाल रंगाची बाटली संपली होती. खडकी बाजारातून दुसरी आणावी लागली.

आता कवायती पायदळ इंग्रजांच्या धर्तीवर उभारायचे तर बंदूक, संगीन, रांग आणि डगला हे सारे एकत्रच येणार, हे आम्हांला तर्काने ठाऊक असायला हवे होते. महादजी शिंद्यांच्या कंपूंविषयी आपण शिकवतो, गारद्यांविषयी शिकवतो. तरी मनातला मराठा सैनिक बाराबंदी सोडत नाही आणि लाल डगला दिसला की मन त्याला ‘पलीकडचा’ ठरवून मोकळे होते. कुंभारदादांच्या साच्याला आम्ही हसलो होतो. आमचाही साचा तोच निघाला, फक्त पुस्तकांत भाजलेला.

तिसावे चित्र वाळले त्या संध्याकाळी एक पेच पडला. सातव्या रेजिमेंटचे शिपाई आणि पिंटोचे शिपाई एकाच साच्यातले, एकाच रंगाचे, चेहरेही तेच. टेबलावर मिसळले तर कोण कुठला ते सांगता येईना. मैदानावर मांडल्यावर फरक राहिला तो तोंड कोणत्या दिशेला आहे एवढाच. एका मुलाने गंमत म्हणून पेशव्यांकडचे एक चित्र उचलले, अर्धवर्तुळात फिरवले आणि दोन वितीं पलीकडे ठेवले. झाला इंग्रजांचा. सगळे हसले, आणि मग खडकीच्या जुन्या वस्तीतून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘मॅडम, आमच्या घरी म्हणतात आमचे कोणी पूर्वज पलटणीत होते. कुठली पलटण ते कोणालाच माहीत नाही. त्यांना कुठल्या बाजूला ठेवायचं?’

ते झुलूंचे खोके अजून कपाटावर होते, आणि ते खरे म्हणजे मूळ विषयाबाहेरचे राहिले नव्हते. २२ जानेवारी १८७९ ला इसांडल्वानाच्या डोंगराखाली झुलूंनी इंग्रज फौजेचा फडशा पाडला, हे सर्वपरिचित आहे. त्या इंग्रज फौजेत नाताळ वसाहतीतून भरती केलेली आफ्रिकी माणसेही होती, हे तितके परिचित नाही. त्यांच्यातल्या दहांत एकाकडे बंदूक. बाकीच्यांकडे झुलूंसारखेच भाले आणि झुलूंसारख्याच कातडी ढाली. गोऱ्या शिपायांनी त्यांनाच शत्रू समजून मारू नये म्हणून त्यांच्या डोक्याभोवती बांधायला लाल कापडाची एक पट्टी दिली होती. चित्रे रंगवणाऱ्याला झुलूचा शत्रू करायचा असेल तर झुलूच घ्यावा लागतो आणि कपाळावर लाल रंगाची एक रेघ ओढावी लागते. आमच्या विद्यार्थ्याने खोक्यातली दोन चित्रे तशी रंगवली आणि त्या मुलीसमोर ठेवली. ती म्हणाली, ‘पण आमच्याकडे तर दोन्हीकडे लाल.’

लढाईचा पुढचा भाग थोडक्यात असा. सातव्या रेजिमेंटची रांग विस्कटली हे गोखल्यांनी हेरले आणि जरीपटक्यासह निवडक स्वार तिच्यावर सोडले. बर त्या पलटणीचा जुना अंमलदार. तो तिच्या निशाणापाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या शेजारचे दोन हुजरे पडले, त्याच्या टोपीतून गोळी गेली. पण त्याच्यात आणि स्वारांत एक दलदलीचा ओढा होता, जो दोन्ही बाजूंना आधी दिसला नव्हता. पुढचे घोडे त्यात रुतले, मागचे त्यांच्यावर आदळले, आणि त्या गर्दीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. पलीकडे पोहोचलेल्या थोड्या स्वारांनी झुंज दिली, पण लाट मोडली ती तिथेच. फोर्डशी स्नेह असलेले मोरो दीक्षित मराठे या दिवशी पडले. संध्याकाळी मैदान इंग्रजांकडे राहिले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर त्यांचे निशाण लागले. बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत कामी आले.

दलदल दाखवणे सोपे होते. किल्ल्यावर अळीव पेरायची रीत आहेच. ओढ्याची रेघ कोरून, काळी माती घट्ट कालवून तीत अळीव टाकले. अवघड झाले ते मेलेल्यांचे. डफ इंग्रजांकडचे मृत आणि जखमी मिळून ८६ देतो, त्यांत ५० सातव्या रेजिमेंटच्या डाव्या बाजूचे शिपाई, पेशव्यांकडचे ५००. शंभरास एक या प्रमाणात इंग्रजांच्या बाजूचे एकही चित्र आडवे ठेवता येत नव्हते. त्या ८६ जणांत इकडचे निम्म्याहून अधिक असूनही आमच्या मैदानावर ते पडलेच नाहीत. पेशव्यांकडची पाच चित्रे मात्र आडवी करायची होती. स्वार किती, लाल डगलेवाले किती, हे डफ सांगत नाही.

मुलांनी चार स्वार ओढ्यात आडवे केले, भिजल्या मातीत ढाली पालथ्या घालून, म्हणजे फुल्या दिसणार नाहीत आणि मुठींच्या खालची गादी दिसेल अशा. पाचवे चित्र त्या मुलीने ठेवले. लाल डगल्याचे होते. ते तिने ओढ्याच्या काठावर, दोन्ही रांगांच्या बरोबर मधे, तोंड वर आकाशाकडे करून ठेवले. नरकचतुर्दशीला सकाळी आम्ही अंगणात गेलो तेव्हा अळीव बोटभर वर आले होते. चार स्वारांचे नुसते घोड्यांचे कान दिसत होते. लाल डगला काठावर असल्यामुळे अजून पूर्ण दिसत होता.